कार्विया : एका लॅटिन नावाची साठ वर्षे

वनस्पतिशास्त्राच्या लॅटिन परिभाषेत भारतीय भाषांतील शब्द पुष्कळ गेले आहेत; त्यांत मराठीचा वाटा मात्र बोटांवर मोजण्याइतका आहे. मलबारचे शब्द अधिक, कारण तेथे सतराव्या शतकातच व्हान रीड या डच अधिकाऱ्याने स्थानिक वैद्यांच्या साहाय्याने 'होर्टुस मलाबारिकुस' या ग्रंथाचे बारा खंड सिद्ध केले (१६७८ ते १६९३), आणि पुढे लिनीअसने त्यांचा भरपूर उपयोग केला. आपल्या अंगणातल्या अडुळशाच्या लॅटिन नावातले 'आधाटोडा' हेही दक्षिणेकडचेच. १९४४ साली या भांडारात एका अस्सल मराठी शब्दाची भर पडली. युट्रेख्ट येथील डच वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रेमेकांप यांनी आपल्या डोंगरांतल्या कारवीसाठी एक स्वतंत्र प्रजाती स्थापन केली आणि तिला 'कार्विया' असे नाव दिले. रानातल्या माणसांच्या तोंडचा शब्द लॅटिन व्याकरणाच्या पंगतीला जाऊन बसला. साठ वर्षांनी, २००४ साली, वनस्पतींच्या पेशींतून काढलेल्या पुराव्याने या नावाखालचा आधार काढून घेतला. तो आधार कसा उभा राहिला, कोणत्या पुराव्याने गेला, आणि जे झाले ते कितपत योग्य झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कारवी (काही ठिकाणी करवी) हे पुरुषभर किंवा त्याहूनही उंच वाढणारे झुडूप. कुल अडुळशाचे, कोरांटीही त्याच कुलातली. सह्याद्रीच्या उतारांवर तिची दाट राने आहेत आणि मध्य प्रदेशाच्या डोंगराळ भागातही तिची नोंद आहे. तिच्या सरळ काठ्यांचे कूड विणून, शेणमातीने लिंपून घराच्या भिंती उभ्या करण्याची रीत घाटमाथ्यावर आणि कोकणात पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पण कारवीची कीर्ती आहे ती तिच्या फुलोऱ्यामुळे. सात वर्षे हे झाड फुलाचे नाव काढत नाही. मग एका पावसाळ्याच्या अखेरीस सारा डोंगर एकदम निळा-जांभळा होतो, मधमाश्यांची झुंबड उडते, आणि फुलून गेलेले प्रत्येक झाड मरते. वाळलेली बोंडे तशीच उभी राहतात. पुढच्या पावसाचे पाणी लागले की ती तडतडत फुटतात आणि बी उडते. मुंबईजवळच्या डोंगरांत असा बहर २००८ साली आला आणि पुन्हा २०१६ साली. ज्याने तो पाहिला त्याला कारवी म्हणजे काय हे सांगण्यास कोणत्याही शास्त्राची गरज नाही. प्रश्न उभा राहतो तो कारवीची भावंडे कोणती, हे ठरवताना.

येथे दोन शब्द नीट समजून घेतले पाहिजेत, नाहीतर पुढील सारा वाद शब्दांचा खेळ वाटेल. शास्त्रीय नावात दोन पदे असतात. पहिले प्रजातीचे, म्हणजे आपल्या आडनावासारखे; दुसरे जातीचे, म्हणजे व्यक्तिनामासारखे. 'कार्विया कॅलोसा' यात कार्विया हे आडनाव आणि कॅलोसा, म्हणजे घट्टे पडलेली, हे नाव. आजवर कारवीच्या बाबतीत वाद झाला तो आडनावाचा. ही वेगळी वनस्पती आहे याविषयी कोणालाच शंका नव्हती.

या कथेचा आरंभ जावा बेटावर होतो. ब्लूमे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२६ साली तेथील वनस्पतींसाठी 'स्ट्रोबिलँथिस' ही प्रजाती स्थापन केली. ग्रीक भाषेत स्ट्रोबिलोस म्हणजे सुचिपर्णी वृक्षाचा शंकू आणि अँथोस म्हणजे फूल. फुलोऱ्याची कणसे शंकूसारखी दिसतात म्हणून हे नाव. याच सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक वॉलिक यांनी भारतातून जमवलेले वाळवलेल्या वनस्पतींचे प्रचंड भांडार लंडनला नेले आणि एकेक कुल एकेका युरोपीय तज्ज्ञाच्या हवाली केले. अडुळशाचे कुल आले जर्मनीतील नेस फॉन एसेनबेक यांच्याकडे. नेस हे मोठे विलक्षण गृहस्थ होते. चाळीस वर्षे ते जर्मनीतील लिओपोल्डिना या विद्वत्सभेचे अध्यक्ष होते. १८४८ च्या क्रांतीत मजुरांच्या बाजूने उभे राहिले, त्यापायी उतारवयात प्राध्यापकपद गमावून बसले, आणि पोटासाठी त्यांना आपला वनस्पतिसंग्रह विकावा लागला. अशा या माणसाने १८३२ साली कारवीला 'स्ट्रोबिलँथिस कॅलोसा' हे पहिले शास्त्रीय नाव दिले. दक्षिणेकडील नीलकुरिंजीला मात्र त्यांनी त्याच वेळी वेगळ्या प्रजातीत बसवले. या गटाचे तुकडे करण्याची परंपरा तेव्हापासूनची आहे.

तुकडे झाले, मग जोड आली. कलकत्त्याच्याच उद्यानाचे पुढील अधीक्षक टॉमस अँडरसन यांनी १८६७ साली नेस यांच्या बऱ्याच छोट्या प्रजाती पुन्हा स्ट्रोबिलँथिसमध्ये आणल्या. हुकर यांच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' या महाग्रंथात क्लार्क यांनी तीच वाट धरली, आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा आपला ग्रंथ (१९०१ ते १९०८) लिहिला त्यातही कारवी स्ट्रोबिलँथिसच राहिली. कुक यांनी 'कॅलोसस' असे पुल्लिंगी रूप लिहिले, आज 'कॅलोसा' असे स्त्रीलिंगी लिहितात. ग्रीकमध्ये फूल नपुंसकलिंगी. पण '-अँथिस' ने संपणारी नवी नावे स्त्रीलिंगी मानावीत असा नामकरणाच्या नियमावलीचा दंडक आहे. व्याकरणाचे भांडण केवळ आपल्याच मंडळींत चालते असे कोणी समजू नये.

मग आले ब्रेमेकांप. १९४४ साल हे हॉलंडचे फार वाईट साल. देश जर्मनांच्या ताब्यात होता, वर्षअखेरीस लोक अन्नावाचून मरू लागले होते. त्याच वर्षी या गृहस्थाचा स्ट्रोबिलँथिस गटावरचा ग्रंथ डच विज्ञान अकादमीने प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी एका प्रजातीच्या जागी चोपन्न प्रजाती उभ्या केल्या. हे काम उथळ नव्हते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. त्यांनी परागकण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, बियांवरचे केस पाहिले, पुंकेसर दोन की चार हे मोजले, फुलोऱ्याची रचना पाहिली. या गटातील परागकणांत विलक्षण वैविध्य आहे. काही लंबगोल आणि उभ्या कण्यांचे, काही चेंडूसारखे गोल आणि काटेरी. इतकी भिन्न रूपे ज्यांच्यात आहेत ती एका प्रजातीत राहूच शकत नाहीत, असे ब्रेमेकांप यांना प्रामाणिकपणे वाटले. टोपली कारवी 'प्लिओकॉलस' झाली, नीलकुरिंजी नेस यांच्या 'फ्लेबोफायलम'मध्ये परत गेली, दक्षिणेकडच्या आणखी काही भगिनी 'निलगिरिअँथस' झाल्या, आणि आपली कारवी एकटीच 'कार्विया' या नव्या घरात गेली.

भारतात ही नावे लवकर रुजली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई-पुण्याकडे ज्यांनी वनस्पतिशास्त्राचे शिक्षण घेतले त्यांच्या वह्यांत कारवी बहुधा 'कार्विया कॅलोसा' अशीच सापडेल. नाव उच्चारायला सोपे, ऐकताक्षणी झाड डोळ्यांपुढे येणारे. लोकप्रियतेचे एक कारण हेही असावे असे आम्हांस वाटते, जरी शास्त्रात या कारणाला किंमत नाही.

अडचण अशी होती की चोपन्न घरे बांधली खरी, पण नवी वनस्पती सापडली की ती कोणत्या घरात घालावी हे ठरेना. एकीचे परागकण एका प्रजातीशी जुळत, बिया दुसरीशी, फुलोरा तिसरीशी. भूतानच्या वनस्पतींवर काम करणारे वुड यांनी १९९४ साली पुन्हा एकच मोठी प्रजाती मानण्याचा मार्ग धरला. दक्षिण भारत आणि श्रीलंका येथील जातींचा अनेक वर्षे अभ्यास करणारे केरीन आणि ऑक्सफर्डचे स्कॉटलंड यांनी २००२ साली आपल्या निबंधाच्या शीर्षकातच, ज्याचे वर्गीकरण होणे नाही त्याचे वर्गीकरण आपण करू पाहतो आहोत काय, असा प्रश्न घातला. डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांचा पुरावा येथे संपला होता.

यापुढचा पुरावा कोणत्या जातीचा होता हे सांगण्यासाठी आम्ही प्रयोगशाळेत न शिरता पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात शिरणार आहोत. आमच्या वाचकांना ती वाट अधिक परिचयाची आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तेथे १९१९ साली सुरू झाले. १९२५ पासून सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक होते, आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले आणि सारे काम १९६६ साली सिद्धीस गेले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. मूळ प्रत कोणाजवळच नाही. आहेत त्या नकलांच्या नकला. मग कोणती पोथी कोणत्या पोथीची बहीण, हे कसे ओळखावयाचे? सारखे पाठ पाहून भागत नाही, कारण दोन दूरच्या पोथ्यांनीही मूळचा शुद्ध पाठ आपापल्या परीने जपलेला असू शकतो. खरी साक्ष देतात त्या सामायिक चुका आणि सामायिक भर. नकलकाराच्या हातून एक ओळ गळली, की त्या पोथीवरून उतरवलेल्या प्रत्येक पोथीतून ती गळते. पाच पोथ्यांत तीच ओळ त्याच जागी नसेल तर त्या पाचही एका पूर्वज पोथीच्या लेकी, असे म्हणता येते. ओळीत आणखी एक अक्षर दोघींतच चुकलेले असेल, तर त्या दोघी अधिक जवळच्या. अशा चुकांवरून पोथ्यांचा वंशवृक्ष मांडता येतो.

पेशीतले जनुकद्रव्य ही अशीच नकलून घेतलेली पोथी आहे. तिची वर्णमाला चार अक्षरांची. प्रत्येक पिढीत तिची नक्कल होते आणि क्वचित एखादे अक्षर चुकते. ज्या भागावर झाडाचे जगणे अवलंबून आहे तेथे चूक टिकत नाही, कारण ते झाडच टिकत नाही. पण काही भाग असे असतात की तेथे अक्षर बदलले तरी झाडाचे फारसे बिघडत नाही. तेथे चुका साठत जातात. स्ट्रोबिलँथिसच्या अभ्यासकांनी असे दोन भाग निवडले. एक केंद्रकातला, रायबोसोमच्या जनुकांच्या मधल्या मोकळ्या जागेतला. दुसरा हरितलवकातला, म्हणजे पानाला हिरवेपणा देणाऱ्या कणिकेतला. केंद्रकातली पोथी आई-बाप दोघांकडून येते, हरितलवकातली बहुतेक सपुष्प वनस्पतींत एकट्या आईकडून. म्हणजे दोन साक्षीदार, आणि दोघांची परंपरा वेगळी. १९८३ साली कॅरी मुलिस यांनी जनुकद्रव्याचा नेमका तुकडा कोट्यवधी पटींनी वाढवण्याची युक्ती शोधली (तिला १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले). तेव्हापासून यासाठी नखाएवढा पानाचा तुकडा पुरतो, आणि कित्येकदा संग्रहातल्या जुन्या वाळलेल्या पानानेही काम भागते.

ही उपमा आणखी थोडी पुढे नेता येते. सुकथनकरांना आढळले की देवनागरी लिपीतल्या पोथ्या एका परंपरेच्या नाहीत. ती सर्वांना समजणारी लिपी असल्याने निरनिराळ्या परंपरांचे पाठ तिच्यात मिसळले आहेत. म्हणजे लिपी एक म्हणून घराणे एक असे नव्हे. ब्रेमेकांप यांचे नेमके येथे फसले. त्यांनी परागकण आणि पुंकेसर पाहिले, म्हणजे जणू लिपी पाहिली. पण या गटात सारखे रूप अनेक वेळा, वेगवेगळ्या शाखांवर, स्वतंत्रपणे आलेले दिसते. पोथ्यांत जशी दोन परंपरांची सरमिसळ होते तसा वनस्पतींत संकर होतो, आणि मग दोन साक्षीदारांची साक्ष जुळत नाही. म्हणूनच एका जनुकावर विसंबून वर्गीकरण फिरवणे धोक्याचे असते.

मॉयलन, बेनेट, केरीन, ओल्मस्टेड आणि स्कॉटलंड या पाच जणांचा निबंध २००४ साली अमेरिकेतील वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. केंद्रकाची साक्ष, हरितलवकाची साक्ष आणि डोळ्यांना दिसणारी लक्षणे, तिन्ही त्यांनी एकत्र मांडली. निष्कर्ष दोन. पहिला, हा अवघा विस्तृत गट एकाच पूर्वजाची संतती आहे. दुसरा, ब्रेमेकांप यांच्या प्रजातींपैकी ज्यांच्या एकाहून अधिक जाती तपासता आल्या त्यांतल्या अनेक प्रजाती एका घराण्याच्या ठरत नाहीत. एका घरात राहणारी माणसे भिन्न शाखांची निघाली. 'हेमिग्राफिस' सारखी आजवर बाहेरची समजलेली मंडळीही याच गोतावळ्यात सापडली. साऱ्या गोतावळ्याची एक खूण फुलातच होती: पाकळ्यांच्या नळीच्या आतल्या बाजूस केसांच्या ओळी असतात आणि त्या फुलाच्या किंजलाला, म्हणजे स्त्रीकेसराच्या लांब दांड्याला, धरून ठेवतात. ही खूण सर्वांत होती, म्हणूनच तिच्यावरून तुकडे करता येत नव्हते, आणि तुकडे करणाऱ्यांच्या नजरेला तिचे मोल वाटले नाही. उपाय म्हणून एकच मोठी स्ट्रोबिलँथिस मानावी, अशी दिशा या अभ्यासाने दिली. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या वेणू यांच्या ग्रंथात द्वीपकल्पातील साऱ्या जाती स्ट्रोबिलँथिस या एकाच नावाखाली आल्या. कारवी पुन्हा 'स्ट्रोबिलँथिस कॅलोसा' झाली. नेस यांनी १८३२ साली दिलेले नाव एकशे सत्तरांहून अधिक वर्षांनी तिच्याकडे परत आले.

येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, ती सांगणे आम्ही अगत्याचे समजतो. कार्विया या प्रजातीत कारवी ही एकच जाती होती. एकट्या माणसाचे घर 'यात भिन्न शाखांची माणसे आहेत' या आरोपावरून मोडता येत नाही. म्हणजे जनुकांच्या साक्षीने कार्विया खोटी ठरली नाही, ठरूही शकत नव्हती. ती गेली ती शेजाऱ्यांमुळे. भोवतालची घरे पडली, सारी शाखा एका छपराखाली आणावयाची ठरली, आणि त्या शाखेच्या मधोमध उगवलेल्या एका फांदीला स्वतंत्र ठेवले तर उरलेल्यांना 'एका पूर्वजाची सर्व संतती' म्हणता आले नसते. यावर कोणी म्हणेल, मग साऱ्या शाखेच्या नव्या, खऱ्या घराण्यांनुसार तीस-चाळीस प्रजाती करा आणि त्यांतली एक कार्विया ठेवा. तत्त्वतः याला हरकत नाही. वंशवृक्ष नाते सांगतो. कोणत्या फांदीपाशी कुंपण घालून तिला प्रजाती म्हणावयाचे हे तो सांगत नाही. ते माणसाने ठरवावयाचे. २००४ च्या अभ्यासात मधल्या फांद्यांची जुळणी पुरेशी पक्की नव्हती, आणि ज्या लहान शाखा दिसत होत्या त्यांना रानात ओळखता येईल अशी खूण नव्हती. ज्या नावाचे झाड हातात घेऊन ओळखता येत नाही ते नाव काय कामाचे? म्हणून एक मोठे कुंपण. सुमारे चारशे जातींची प्रजाती वापरायला अवजड आहे, ही तक्रार खरी आहे. आम्हांस मात्र हा निर्णय योग्य वाटतो.

पांढुर्णा-सौंसरच्या वाचकाला कुंपण आणि नाते यांतला हा फरक समजावून सांगावा लागू नये. सिल्लेवानीचा घाट उतरून आले की जुन्या कागदपत्रांतला झेरघाट लागतो, आणि बोली बदलते, नाते नागपूर-वऱ्हाडाशी. तरीही १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा मराठी बोलणारी सौंसर तहसील छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिली, कारण कुंपण घालताना मोजमाप जिल्ह्याचे होते. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. या साऱ्या फेरबदलांत लोकांच्या घरातली भाषा कोणी बदलली नाही, आणि भाषेच्या नात्याने कुंपणही आपोआप ठरले नाही. उपमा येथेच थांबवतो. माणसांच्या सीमांमागे राजकारण असते, झाडांच्या सीमांमागे निदान तेवढे नसते.

जोडणारे आणि तोडणारे यांचे भांडण कारवीपुरतेच आहे असेही नाही. आपल्या भागाचे पीक जे संत्रे, त्याच्या प्रजातीत अमेरिकेच्या स्विंगल यांनी सोळा जाती मानल्या, तर जपानच्या तानाका यांनी एकशे बासष्ट. दोघांच्या डोळ्यांपुढे झाडे तीच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासाने दाखवले की बाजारातील बहुतेक प्रकार महाळुंग, पपनस आणि संत्रावर्गीय झाडे अशा मोजक्या मूळ पूर्वजांच्या संकरांतून आले आहेत. मोसंबीत पपनस आणि संत्रावर्ग या दोघांचा अंश आहे. म्हणजे तानाकांच्या अनेक 'जाती' वस्तुतः सोयरिकी होत्या.

सह्याद्रीतच याच तऱ्हेचा दुसरा प्रसंग घडला तो कंदीलपुष्पांच्या बाबतीत, आणि तो अजून मिटलेला नाही. कंदीलपुष्प, लॅटिनमध्ये 'सेरोपेजिया', म्हणजे नळीसारख्या फुलांच्या नाजूक वेली आणि रोपे. नळीत लहान माशा उतरतात, आतल्या केसांमुळे काही काळ अडकून पडतात आणि पराग घेऊन सुटतात. यांतल्या कित्येक जाती एखाद्या गडाच्या कड्यापुरत्या उरल्या आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील श्रीरंग यादव यांनी त्यांच्या शोधासाठी आणि जतनासाठी केलेले काम सर्वश्रुत आहे. यादव आणि त्यांचे सहकारी मयूर कांबळे यांचा सहभाग असलेला पश्चिम घाटातील कंदीलपुष्पांचा जनुकीय अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात व इतरत्र दिसून आले की वेगळी समजली जाणारी 'ब्रॅकिस्टेल्मा' ही प्रजाती कंदीलपुष्पांच्या फांद्यांमध्येच गुंतलेली आहे. २०१७ साली दक्षिण आफ्रिकेचे ब्रुइन्स आणि सहकारी यांनी त्याची अखेरची पायरी गाठली: ब्रॅकिस्टेल्माच काय, निवडुंगासारखी मांसल माकडशिंगी ज्या गटात येते तो सारा गटही त्यांनी सेरोपेजियात घातला. वंशवृक्षाच्या दृष्टीने हे बिनतोड आहे. पण कंदीलपुष्पाची वेल आणि माकडशिंगीचे जाड खोड यांना एक आडनाव देणे अनेकांच्या पचनी पडलेले नाही. कारवीच्या बाबतीत सर्वांत एक दृश्य खूण तरी होती. येथे अभ्यासकांचे दोन पक्ष आहेत, आणि दुर्मिळ जातींच्या संरक्षणाच्या याद्या करणाऱ्यांना दोन्ही नावे लिहून ठेवावी लागतात. एका नावाने शोधले आणि दुसऱ्या नावाखाली नोंद असली, तर एखाद्या कड्यावरची शेवटची झुडपे कागदावर हरवण्याचा धोका असतो.

मग कारवीच्या पुनर्वर्गीकरणाने हाती काय आले? आमच्या मते सर्वांत मोठी प्राप्ती ही की कारवीच्या सात वर्षांच्या मौनाकडे आता एकट्या झाडाचे कौतुक म्हणून पाहता येत नाही. नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते. तिचा १९३४ सालचा बहर रॉबिन्सन यांनी मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात नोंदवला, आणि त्यापुढे बारा-बारा वर्षे मोजत गेले की २००६ आणि २०१८ हे तिच्या बहराचे साल बरोबर येतात. २००६ साली केरळात तिच्यासाठी अभयारण्यही घोषित झाले. जपानच्या ओकिनावा बेटावर याच गटातील एक जाती सहा वर्षांनी फुलते आणि मरते. त्याच गोतावळ्यात दरवर्षी फुलणाऱ्या जातीही आहेत. कारवी 'कार्विया', कुरिंजी 'फ्लेबोफायलम' आणि ओकिनावाची बहीण तिसऱ्याच नावाची, असे असताना ही तीन वेगळी नवले होती. आता ती एका घराण्यातील घटना झाली, आणि खरा प्रश्न विचारता येऊ लागला: वर्षे मोजून एकदाच फुलण्याची ही रीत या घराण्यात एकदा आली की अनेकदा? दरवर्षी फुलणाऱ्या पूर्वजाने ती कोणत्या फांदीवर उचलली? आणि सहा, सात, बारा हे आकडे कोणत्या हिशेबाने ठरले? हरितलवकाची आणि केंद्रकाची पोथी वाचूनच याचे उत्तर शोधावे लागते, आणि जपानी संशोधकांनी आपल्या जातीबाबत ते काम हाती घेतलेही आहे. आपल्याकडे कारवीचा बहर पाहण्यास सहलीच्या गाड्या भरभरून जातात. बहराच्या सालांच्या नोंदी गावोगावच्या शाळांनी ठेवल्या तर त्या या संशोधनाला फार मोलाच्या ठरतील.

राहता राहिला तो शब्द. नामकरणाच्या नियमावलीनुसार रीतसर प्रसिद्ध झालेले नाव नष्ट होत नाही. स्ट्रोबिलँथिस १८२६ चे, कार्विया १९४४ चे. दोन्ही एकाच प्रजातीची नावे मानली की जुने नाव चालते आणि नवे समानार्थी म्हणून नोंदीत राहते. उद्या अधिक जनुके वाचून कोणी कारवीच्या फांदीला पुन्हा स्वतंत्र प्रजाती ठरवले, तर त्याला आपल्या आवडीचे नाव देता येणार नाही; त्या फांदीवर कार्वियाहून जुने प्रजातीनाम नसेल तर 'कार्विया' हेच घ्यावे लागेल. वनस्पतिसंग्रहांत तर रीत आणखी चांगली आहे. वाळवलेल्या नमुन्याच्या कागदावर प्रत्येक तज्ज्ञ आपल्या मताची चिठ्ठी चिकटवतो, नाव आणि साल घालतो, पण आधीची चिठ्ठी काढत नाही. जुन्या नमुन्याच्या कागदावर म्हणून 'स्ट्रोबिलँथिस', त्यावर 'कार्विया', आणि त्यावर पुन्हा 'स्ट्रोबिलँथिस' अशा चिठ्ठ्या एकाखाली एक राहतात, आणि कोपऱ्यात, नमुना गोळा करणाऱ्याने गावकऱ्याला विचारून लिहून घेतलेला शब्द: कारवी.